पळसाच्या पानांचा संजीव

संजीव वाहून गेला तेव्हा वैनगंगेवरच्या कारध्याच्या जुन्या पुलाच्या तोंडाशी तीनचार माणसं उभी होती, आणि सगळ्यांनी ते पाहिलं. त्यामुळे तो हरवला आहे असं कोणी म्हणत नव्हतं. एकटी त्याची बायको स्वाती म्हणत होती.

भंडाऱ्यात मधुकररावांचं घर पिढ्यानपिढ्या मागावर चाललेलं. आता घरात एकच हातमाग उरला होता आणि त्यावर मधुकरराव स्वतः बसत. धाकटा अनुप एका शाळेत कारकून होता. थोरला संजीव पुढच्या खोलीतलं लुगड्यांचं दुकान बघायचा. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यापासून तिकडून कचेरीच्या कामाला येणारं गिऱ्हाईक तुटलं होतं, म्हणून तो मोटरसायकलवर गठ्ठा बांधून जवळपासच्या गावांत घरोघरी लुगडी पोचवायला लागला होता. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी असाच तो कारध्याला एका घरी लुगड्यांची जोडी देऊन परत निघाला. वर कुठंतरी धरणाची दारं उघडली होती. जुन्या पुलावर पाणी नुकतंच चढत होतं. मोठ्या पुलाचा फेरा टाळायला तो त्यातून निघाला. काठावरच्यांनी हाका मारल्या. पुलाच्या मध्यावर मोटरसायकल आडवी झाली, तो उठून उभा राहिला, आणि मग दिसला नाही.

अनुपनं ढिवर मासेमारांचे डोंगे लावून खाली पवनीपर्यंत नदी धुंडाळली. पूर ओसरल्यावर मोटरसायकल गाळात सापडली, तिच्या मागं लुगड्यांचा रिकामा फडका तसाच बांधलेला. संजीव सापडला नाही.

शोभाताई, त्याची आई, त्या दिवसापासून पाणी पिताना थांबायच्या. पेला तोंडाशी नेऊन खाली ठेवायच्या. माझं पोरगं पाण्यात आहे, एवढंच म्हणायच्या.

पितृपक्ष लागला तसे नातेवाईक बोलू लागले. घरी गुरुजींना बोलावलं. त्यांनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. माणूस नुसता बेपत्ता झाला असेल तर बारा वर्षं वाट पाहायची असते. पण बुडताना लोकांनी पाहिलेलं असेल आणि देह मिळत नसेल, तर पळसाच्या पानांचा आणि देठांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्यालाच अग्नी द्यायचा. पुढं दहावं, तेरावं सगळं रीतसर होतं. ते केलं नाही तर सर्वपित्रीला त्याच्या नावानं पान वाढता येत नाही. निर्णय घरच्यांनी घ्यायचा.

मधुकरराव मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी मान डोलावली.

स्वाती आतल्या दारात उभी होती. लग्नाला चार वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. ती सासऱ्यांसमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"मामाजी, त्यायले मेलेलं कोणी पाहिलं?" ती म्हणाली. "बुडताना पाहिलं. मेलेलं कोणी पाहिलं? मग बारा वर्षं थांबा न. मी थांबून राहिली ना."

उत्तर शोभाताईंनी दिलं. "तू थांब, पोरी. त्याले कशाला थांबवतं पाण्यात? त्याले एकदा आगीजवळ तरी नेऊ दे."

अमावस्येच्या अगोदर एका सकाळी ओसरीवर तो माणूस तयार झाला. अनुपनं पळसाची पानं आणली होती. गुरुजींनी देठांचे हात-पाय बांधले, पानांची छाती केली, जवाच्या पिठानं सांधे लिंपले. मग ते म्हणाले, अंगातलं एखादं वापरातलं वस्त्र असेल तर द्या. शोभाताईंनी दांडीवरचा निळ्या रेघांचा सदरा आणून दिला. तो पानांच्या माणसाला घातला तेव्हा आलेली सगळी माणसं दोन पावलं मागं सरली, कारण बाह्यांमुळे आणि कॉलरमुळे तो लांबून खरोखर कोणीतरी झोपल्यासारखा दिसायला लागला.

स्वाती आतून आली. तिनं खाली बसून सदऱ्याची बटणं एकेक सोडली, पानं मोडू न देता बाह्या काढल्या आणि सदरा छातीशी धरून उभी राहिली. ते परत आले म्हणजे काय घालतील, असं तिनं विचारलं. ती रडत नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच कोणाला तिला गप्प बसवता आलं नाही. मधुकररावांनी मागावरून नुकतंच उतरवलेलं उपरणं आणून त्या माणसावर घातलं.

पुरुषमंडळी वैनगंगेच्या घाटावर गेली. पानं ती, भसकन पेटली आणि बसली. माणसाला जळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या पावही लागला नाही. मंडळी परत आली तेव्हा अंगणात पाण्याची बादली ठेवायची होती ती अजून भरलीही नव्हती. शोभाताई दारात आल्या आणि त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

"एवढ्या लवकर?"

मधुकरराव तसेच ओल्या अंगानं पायरीवर बसून राहिले.

त्यानंतर बायका स्वातीकडं आल्या. तिनं हात पाठीमागं नेले. बांगड्यांना हात लावू नका, म्हणाली. मोठ्या चुलतसासूनं धरायचा प्रयत्न केला तर स्वाती भिंतीला पाठ लावून खाली बसली, हात तसेच मागं. ओढाताण नको म्हणून त्या थांबल्या. तेराव्याच्या पंगतीत ती कुंकू लावून, हिरव्या बांगड्या घालून वाढायला उभी राहिली तेव्हा काही नातेवाईक पानावरून उठले. त्या दिवसापासून शोभाताई आणि ती एकाच चुलीवरचं वेगवेगळ्या वेळी जेवायला लागल्या.

दसरा झाल्यावर स्वाती माहेरी जाते म्हणून निघाली. तिचं माहेर अड्याळचं. तिथं ती एकच दिवस राहिली. मग रोज सकाळी एसटी धरायची. पिशवीत संजीवचा लग्नातला फोटो. पवनी, मग नदीच्या कडेकडेनं खालची गावं, मग लाखांदूरकडं. ज्या गावाला नदी लागते त्या प्रत्येक गावात ती उतरायची. दवाखान्यात विचारायची, देवळात विचारायची, आठवडी बाजारात फोटो दाखवायची. पुरात वाहून आलेला, डोक्याला मार लागून सगळं विसरलेला कोणी माणूस तुमच्याकडं आहे काय. पोलीस ठाण्यांतही जायची. तिथं कोणी प्रेतांचा विषय काढला की ती उठायची. "मी जिवंत माणूस शोधून राहिली," एवढं म्हणून बाहेर पडायची.

लोक वाईट वागले नाहीत. कोणी पाणी दिलं, कोणी बसमध्ये जागा दिली. पण फोटो परत देताना सगळे तिच्या कपाळाकडं बघायचे आणि नजर खाली घालायचे. तिची आई संध्याकाळी तिची पावलं कोमट पाण्यात घालून बसायची आणि उद्या नको जाऊ म्हणायची. स्वाती म्हणायची, उद्या एकच गाव.

धान कापणीला आलं होतं तेव्हा ती दिघोरीच्या स्टँडवर एका चहाच्या टपरीशी थांबली. टपरीवाल्यानं फोटो पाहिला, नाही म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. त्यानं नदीकडच्या एका लहान गावाचं नाव घेतलं.

"तठी केशवराव म्हणून हायेत. पुरात आलेला एक माणूस त्यायच्याच वावरात हाये म्हणतात."

स्वातीनं त्याला पुन्हा विचारलं. वावरात हाये, तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडं वळला.

पुढचं काय विचारावं हे तिला सुचलंच नाही. वावरात आहे. म्हणजे कामाला ठेवला असेल, राखणीला बसवला असेल. स्वतःचं नाव आठवत नसेल म्हणून आला नसेल. हातपंपावर तिनं तोंड धुतलं, केस सारखे केले, पिशवीतल्या करंड्यातून कुंकू काढून नव्यानं लावलं. त्या गावाकडं जाणारा ट्रॅक्टर मिळाला. ट्रॉलीत बसलेल्या मजूर बायकांशी ती वाटेत हसून बोलली. एकीनं विचारलं, कोणाकडं पाहुणी. स्वाती म्हणाली, घरचं माणूस आहे.

केशवरावांचं घर बौद्धवाड्याच्या टोकाला, मागं लगेच शेत. अंगणात धानाच्या पेंढ्या रचलेल्या. त्यांची बायको धुरपता सुपानं धान पाखडत होती. साठीला आलेली, हाडापेरानं मोठी बाई. परकी बाई दारात बघून ती उठली. स्वातीनं नमस्कार केला आणि एका दमात विचारलं, तुमच्याकडं पुरातला माणूस आहे म्हणतात, कुठं आहे.

धुरपतानं तिच्या कुंकवाकडं पाहिलं. तिला कळलं नाही की ही बायको आहे. बहीण असेल, नात्यातली कोणी असेल, असं वाटलं.

"चाल, दाखवतो," ती म्हणाली.

दोघी बांधावरून चालत गेल्या. अर्धं धान कापलेलं, अर्धं उभं. स्वातीची नजर दूरवर वाकलेल्या माणसांवर होती. एकेक पाठ ती ओळखून पाहत होती. शेताच्या शेवटी उंच धुरा होता, त्याच्यावर बाभळी, आणि पलीकडं उतरतीवर नदी. तिथं धुरपता थांबली आणि तिनं बोट दाखवलं. मातीचा लांबट उंचवटा, त्यावर गवत आलेलं, डोक्याशी एक दगड, दगडापाशी वितळलेल्या मेणबत्त्यांचं मेण.

स्वाती त्या जागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, हा आमचा नाही.

धुरपतानं वाद घातला नाही. तिनं जे घडलं ते सांगितलं. पूर ओसरता ओसरता धानाच्या बांधीत, उभ्या पिकात अडकलेला एक देह केशवरावांना दिसला. त्यांनी पोलिसपाटलाला सांगितलं. पोलीस आले, डॉक्टर आले, काठावरच तपासणी झाली. चार दिवस पाण्यात राहिलेलं, ओळखण्यासारखं काही नव्हतं. बेवारस म्हणून पुरायचं ठरलं. उद्या कोणी दावा करत आलंच तर उकरून दाखवता यावं म्हणून जाळत नाहीत, असं पोलिसांनी सांगितलं. गावची मसणवट पाण्याखाली होती. तेव्हा केशवराव म्हणाले, माझ्या धुऱ्यावर द्या मूठमाती.

तोवर केशवराव आले होते. उंच, पांढरी दाढी वाढलेली, हातात विळा. त्यांनी बायकोचं बोलणं पुरं होऊ दिलं आणि स्वातीला विचारलं, तुमच्या माणसाची काही खूण.

स्वाती नुसती मान हलवत होती. नाही, नाही.

"डाक्तरले डाव्या हातात लोखंडाची पट्टी भेटली होती," केशवराव म्हणाले. "हाडाले बसवलेली. मोडला असन कधी हात."

दोन वर्षांपूर्वी तुमसर रोडवर ट्रकनं कट मारला होता आणि संजीवचा डावा हात कोपराखाली मोडला होता. नागपूरला नेऊन पट्टी बसवली होती. थंडी पडली की तो हात ठणकायचा, आणि स्वाती एरंडाचं पान तव्यावर गरम करून शेकायची. हे ती केशवरावांना सांगू शकली नाही. ती त्या मातीजवळ खाली बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. धुरपतानं तिला उठवायचा प्रयत्न केला तर ती म्हणाली, जाते मी, थोडं बसू द्या. ऊन उतरलं तरी ती तिथंच होती. शेवटी केशवरावांनी बैलगाडी जुंपून दोघींना दिघोरीच्या स्टँडवर सोडलं आणि धुरपता तिला एसटीनं अड्याळच्या घरापर्यंत पोचवून आली.

सासरी हे कोणाला सांगायचं हे स्वातीला कळत नव्हतं. ती कितीतरी दिवस माहेरी अंथरुणावर पडून होती. सांगितलं नाही तर कदाचित ते खरं होणार नाही, असंही तिच्या मनात येई, आणि लगेच त्याची लाज वाटे. शेवटी तिनं अनुपला बोलावून घेतलं. तो दीर असला तरी तिच्याच वयाचा. ऐकल्यावर तो बाहेर जाऊन अंगणातल्या दगडावर बसला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत राहिला.

भंडाऱ्याच्या घरात ती बातमी गेली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. फरक एवढाच की आता प्रत्येकाला काहीतरी वेगळं हवं होतं.

शोभाताईंना तो उकरून आणायचा होता. तो मातीत आहे, ओल्यात आहे, जळली ती पानं होती, असं त्या दिवसभर म्हणत. मधुकररावांनी एकदाच सांगितलं की आता काही करू नका.

"मी दिली त्याले आग. तेरावं केलं. बापाले एकाच पोराले किती खेप जाळाले लावता?"

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, विधी झाला आहे, तसंच राहू दिलं तरी दोष नाही. अस्थी काढून दहन केलं तरी शास्त्रात सोय आहे. नात्यातल्या एकांनी सांगितलं की आपल्यातच पूर्वी मूठमाती देत, आगीचं एवढं काय. दुसरे म्हणाले की परक्याच्या वावरात घरचा माणूस ठेवायचा कसा. प्रत्येकाचं बरोबर होतं, आणि त्यामुळे घरात कोणाला झोप नव्हती. एखाद्यानं हे पाप आहे असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं अनुपला वाटायचं.

स्वाती अड्याळहून परत आली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. एके दिवशी दुपारी सगळे बसले असताना ती मधोमध येऊन उभी राहिली.

"काढा," ती म्हणाली. "मले पाहायचं आहे."

अनुप हळूच म्हणाला, "वहिनी, पाहण्यासारखं काही राहिलं नसेल."

"पानं जाळताना तुम्ही मले विचारलं नाही, भाऊजी. मी माह्या हातानं शोधलं त्यायले. पाहिल्याशिवाय मी कोणाले सोडून देऊ?"

मधुकररावांनी तिच्याकडं पाहिलं. मग ते उठून मागाच्या खोलीत गेले आणि आत बराच वेळ माग चालल्याचा आवाज आला. पण नंतर शोभाताईंनी पाहिलं तर त्यावर ताणाच नव्हता. रिकामाच माग ते चालवत होते.

परवानगी मिळेपर्यंत मार्गशीर्ष उजाडला. पोलीस, तहसील, दवाखाना, प्रत्येक ठिकाणी अनुप फिरला. ठरलेल्या सकाळी दारात जीप उभी राहिली तेव्हा शोभाताई आणि स्वाती कोणाला न विचारता मागच्या बाकावर जाऊन बसल्या. बायकांनी मसणात येऊ नये असं म्हणायला कोणीच पुढं आलं नाही. शिवाय ते मसणही नव्हतं. एका शेतकऱ्याचं वावर होतं.

धान निघून गेलं होतं. नुसतं कोरडं रान. धुऱ्यावर नायब तहसीलदार, डॉक्टर आणि दोन पोलीस बाभळीच्या सावलीत उभे होते. केशवरावांनी आदल्या दिवशीच घरची वाळकी लाकडं गाडीनं आणून बांधावर रचून ठेवली होती. लागतील की नाही, माहीत नव्हतं, ते अनुपला म्हणाले, पण असलेली बरी. अनुपनं त्यांना विचारलं, तुमच्यात काय करतात, काका. हे विचारून आपल्याला काय मिळणार हे त्यालाही माहीत नव्हतं.

"दोनी करतेत. माह्या बापाले माती देली, मायले आग. मायनं सांगून ठेवलं होतं म्हणून." त्यांनी रचलेलं एक लाकूड सरळ केलं. "मले दोनी येळेस तेवढंच जड गेलं, बापा."

माती काढायला वेळ लागला नाही. खाली एक फुलाफुलांची चादर लागली. ती धुरपतानं दिलेली, घरची. त्या चादरीचा रंग अजून ओळखू येत होता. डॉक्टरांनी बायकांना मागं व्हायला सांगितलं. शोभाताई मागं झाल्या, तोंडात पदर घालून. स्वाती तशीच पुढं गेली आणि कडेला उकिडवी बसली.

तिनं पाहिलं. कोणी तिला अडवलं नाही. डॉक्टरांनी पट्टी असलेलं हाड दाखवलं आणि विचारलं. ती इतका वेळ बघत राहिली की त्यांनी पुन्हा विचारलं.

"हाव," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तपासणीसाठी लहानसं हाड बाटलीत घेतलं, सह्या झाल्या, आणि बाकीचं घरच्यांच्या हवाली केलं. स्वाती उठली. तिनं उजव्या हातानं डाव्या हातातली एक बांगडी मनगटावरून ओढायला सुरुवात केली. बांगडी घट्ट होती. शोभाताई पुढं आल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे. आता कायची घाई आहे."

लाकडं तिथंच खड्ड्याशेजारी रचली. चादरीसकट त्याला वर ठेवलं. फार उचलावं लागलं नाही. अनुप आणि केशवराव दोघांनाच जमलं. मधुकररावांच्या हातात पेटती चूड दिली. ते लाकडांपर्यंत गेले आणि उभे राहिले. चूड हाताशी येत चालली तरी ते वाकेनात. अनुप पुढं व्हायला लागला, तेवढ्यात शोभाताईंनी नवऱ्याच्या हातातून चूड काढून घेतली. त्या बुटक्या होत्या, आणि पायाखाली ढेकळं होती. तोल जाईल म्हणून स्वातीनं त्यांचं कोपर धरलं. त्यांनी चूड लाकडांत खोचली, निघाली, पुन्हा खोचली. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. स्वातीला नंतर कळलं की त्या मंत्र म्हणत नव्हत्या. लहानपणी आंघोळ घालून झाल्यावर संजीवला शेगडीजवळ बसवताना जे म्हणायच्या तेच म्हणत होत्या. ये, इकडं ये, गरम आहे.

या वेळी आग पुष्कळ वेळ जळली. दुपार कलेपर्यंत सगळे वावरात बसून होते.

राख निवाली तशी धुरपतानं पाणी आणून दिलं. अनुपनं अस्थी मडक्यात गोळा केल्या. नदी शंभर पावलांवर होती. शोभाताई म्हणाल्या, चला, अंधार व्हायच्या आत सोडून देऊ. मडकं घेऊन अनुप वळला तर स्वाती वाटेत उभी होती.

"नदीले नाही देणार."

शोभाताईंना आधी कळलंच नाही. नदीला नाही द्यायच्या तर कुठं द्यायच्या. सगळ्यांच्याच नदीला देतात. त्याच्या आज्याच्या दिल्या, पणज्याच्या दिल्या.

"तिनंच नेलं त्यायले. मी काढून आणलं. परत तिच्याच हाती देऊ काय?" स्वातीचा आवाज पहिल्यांदा चढला आणि चढताच फाटला. "मले मारून टाका, मग द्या."

अनुप मडकं धरून मधोमध उभा राहिला. शोभाताई विनवू लागल्या, पाण्याशिवाय त्याला सुटका कशी मिळणार म्हणून. स्वाती हलली नाही. पोलीस निघून गेले होते. बोलायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा मधुकरराव केशवरावांकडं वळले.

"तुमची हरकत नसेल तर. खड्डा उघडाच आहे."

केशवरावांनी मान डोलावली. "माही ना नाही. आमी कुठं तठी नांगर घालतो."

शोभाताईंनी चिमूटभर राख पदराच्या टोकाला बांधून घेतली. रामटेकला अंबाळा तलावात नेऊन सोडीन, तिथलं पाणी उभं असतं, असं त्या स्वातीकडं न बघता म्हणाल्या. स्वातीनं ते होऊ दिलं. बाकीचं मडकं अनुपनं खड्ड्यात ठेवलं. मधुकरराव गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागले. फावडं द्यायला केशवराव पुढं आले, पण मधुकररावांनी घेतलं नाही. शोभाताई जराशा दूर उभ्या राहून रडत होत्या. ज्यासाठी आलो ते झालं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. घरी गेल्यावरही कित्येक महिने कळलं नाही.

धुरपतानं अंगणात चुलवण पेटवून पाणी तापवून ठेवलं होतं. आंघोळीसाठी कुडाआड आडोसा केला होता. शोभाताईंनी आयुष्यात त्या वस्तीतल्या घरी पाणी घेतलं नव्हतं. त्यांनी आंघोळ केली, धुरपतानं दिलेलं धुवट लुगडं नेसल्या, आणि समोर ठेवलेला काळा चहा हातात धरून बसल्या. थोड्या वेळानं त्यांनी तो पिऊन टाकला.

स्वाती आडोशामागून केस निथळत आली आणि धुरपताजवळ जमिनीवर बसली. पुरुषमंडळी बाहेर जीपपाशी होती. तिनं विचारलं.

"मावशी, तुम्ही पाहिलं त्यायले पुरानंतर. तोंड कसं होतं?"

धुरपता चुलवणातलं लाकूड मागं ओढत होती. तिनं ते पुरतं ओढलं, विझवलं, आणि मगच बोलली.

"तोंड नोहतं राहिलं, माय. खोटं कायले सांगू. हात होते. हाताले धरूनच वढला आमी थ्याले बांधीतून. यायनं एक धरला, म्या एक."

स्वातीनं तिचा ओला हात हातात घेतला. तळवा राखेनं काळा झाला होता, बोटांना धानाच्या कामाच्या चिरा पडल्या होत्या. ती तो हात धरून बसून राहिली. बाहेरून अनुपनं दोनदा हाक मारली तरी तिनं सोडला नाही, आणि धुरपतानंही ओढून घेतला नाही.